आधी सामू बघा

माती परीक्षणाच्या कामात आधी मराठवाड्यात होतो, मग कोकणात आलो. कारखान्यांच्या आसपास शेती असलेल्यांना जे सांगत आलो, तेच इथे मांडतो.

१. ‘मातीत कॅडमियम किती?’ हे नंतर विचारा, आधी सामू (पीएच) बघा. तो सहाच्या खाली उतरला की मातीच्या कणांना धरून बसलेलं कॅडमियम आणि जस्त सुटून पाण्यात येतं, मुळांवाटे वर चढतं. साडेपाचच्या खाली तर मातीतलं मूळचंच ॲल्युमिनियम विरघळू लागतं. रोप उपटून बघा: मुळं आखूड, टोकं जाड आणि तपकिरी, तंतुमुळं जवळजवळ नाहीतच. वर पीक खुरटतं आणि लोक युरियाचं पोतं फोडतात.

२. सामू उतरला म्हणजे जमीन आम्ल झाली. कारखान्याच्या धुरामुळे पडणाऱ्या आम्लपावसानं ती होते, तशी युरिया, अमोनियम सल्फेट यांनीही होते. सगळं खापर धुराड्यावर फोडू नका. स्वच्छ पावसाचा सामूही ५.६ च्या आसपासच असतो.

३. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, ती आम्लपाऊस पचवते. जांभ्याच्या तांबड्या मातीतला चुना पावसानं केव्हाच धुऊन नेलेला. धूर तेवढाच असला तरी फटका कोकणाला जास्त.

४. पालक, माठ यांच्यावर बसलेली शिशाची धूळ धुतल्यावर बरीचशी जाते. कॅडमियम पानाच्या आत असतं, ते कितीही धुवा, जात नाही. अशा जागी दुधी, भेंडी बरी.

५. खाचरात पाणी उभं असेतो कॅडमियम गंधकाशी बांधलेलं राहतं. दाणा भरताना पाणी सोडलं की ते सुटतं आणि तांदळात उतरतं. जपानमधल्या जिंत्सू नदीच्या खोऱ्यात खाणीतलं कॅडमियम भातातून माणसांच्या हाडांपर्यंत पोचलं. त्या ‘इताई-इताई’ आजाराचं मूळ प्रदूषणात असल्याचं सरकारनं १९६८ साली मान्य केलं. दाणा भरेपर्यंत पाणी धरून ठेवणं हा जपानमधला रुळलेला उपाय. मात्र जमिनीत आर्सेनिक असेल तर हाच उपाय अंगाशी येतो, कारण उभ्या पाण्यात आर्सेनिक मोकळं होतं.

६. नमुना घ्यायला जस्ताचा मुलामा दिलेली बादली नको; लाकडी उलथणं, प्लास्टिकचं घमेलं चालेल. शिसं-कॅडमियम नेहमीच्या तपासणीत नसतं, वेगळं सांगावं लागतं. खर्च जास्त येतो, म्हणून तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून एखाद्या शेताचा तरी नमुना द्यावा.

७. सामू वर आणायला चुना टाकतात, पण त्यानं धातू जमिनीतून जात नाही, नुसता बांधला जातो. त्यामुळे सामू दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मोजायचा. चुना बेतानं टाका, नाहीतर लोह आणि जस्त पिकाला मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात. आणि चुना टाकल्याबरोबर युरिया नको, अमोनिया उडून जातो.