पाठ झालं म्हणजे वाचता आलं नव्हे

मुलगा पहिलीत असताना त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘वाचन उत्तम’ असा शेरा होता. धड्यावर बोट फिरवत तो घडाघडा म्हणायचाही. मग एका संध्याकाळी त्याच धड्यातले शब्द मी कोऱ्या कागदावर मागेपुढे करून लिहिले, तर त्याला एकही वाचता येईना. चित्र दिसलं की ओळ आठवायची, एवढंच त्याचं वाचन. वर्गात सगळे एका सुरात म्हणतात. त्यात कोण वाचतंय आणि कोण नुसता सूर धरतंय हे बाईंना तरी कसं कळावं? तेव्हा शेरा काहीही असो, घरी एकदा न पाहिलेली ओळ पुढे ठेवून बघा.

गंमत म्हणजे अक्षरं त्याला सगळी येत होती, पण रांगेनं. मधलाच ‘भ’ विचारला की ओठांतल्या ओठांत ‘क’पासून म्हणत तिथवर यायचा. आधी अख्खी वर्णमाला, मग बाराखडी, मग शब्द हा आपला जुना रिवाज. ‘ङ’ आणि ‘ञ’ सहा वर्षांच्या मुलाला कुठल्या शब्दात भेटणार आहेत, हे कुणी विचारत नाही.

फलटणच्या कमला निंबकर बालभवनच्या संस्थापक मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरं गटागटानं, स्वरचिन्हांसह शिकवण्याची रीत रुजवली. आम्ही तीच धरली. क, म, ल, ब, र आणि काना. एवढ्यावर मला, काका, मामा, काम, लाल, कार इतके शब्द होतात. ‘बाबा, मला लाल कार’ हे त्यानं स्वतः वाचलेलं पहिलं वाक्य. बाबांना ते परवडणारं नव्हतं, ते सोडा.

घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते, तिथे मुलं हटकून अडतात. ‘चमचा’तला आणि ‘चिमणी’तला च वेगळा, हे मात्र समजावत बसायला नको, शब्द ओळखीचा असला की जीभ आपोआप वळते. जोडाक्षरं आणि रफार सगळ्यात शेवटी.

आता मोठ्यांविषयी. मूल ‘पा...’ म्हणून थांबलं की आजी ‘पाऊस!’ म्हणून मोकळी. आजींना प्रेमानं आवरा. मनात दहा आकडे मोजा. तरी अडलंच तर बाकीचा शब्द बोटाखाली झाकून पहिलंच अक्षर दाखवा. ‘क, म, ळ’ असं तुटक वाचलं तर ‘आता पटकन म्हण’ एवढंच सांगा. पण चित्र बघून ‘मांजर’च्या जागी ‘माऊ’ म्हटलं, तर परत शब्दाकडे न्या. अंदाज म्हणजे वाचन नाही.

मूल वाचू लागलं तरी त्याला वाचून दाखवणं थांबवू नका. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आमच्याकडे चिंध्या होईस्तोवर वाचलं गेलं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पायरीनुसार लावलेल्या आहेत, आणि फुकट.

दुसरी संपत आली तरी अक्षरांची सांगड बसत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. त्यात काही निघालं नाही, तर अध्ययन अक्षमतेच्या तज्ज्ञाला दाखवा. तोवर पोराला आळशी म्हणू नका.