त्वचेचा रंग मातकट का होतो?

प्रश्न : पेन्सिलीने चेहरे बऱ्यापैकी जमतात, पण तैलरंगात आजोबांचं चित्र काढायला घेतलं की त्वचा मातकट होते. काय चुकतं? — एक वाचक, भालकी

उत्तर : बहुतेकदा चुकतो तो छायाप्रकाश, रंग बिचारे उगाच बोलणी खातात. आधी अख्खा चेहरा बर्न्ट अंबर टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून एकाच रंगात बसवा. हा थर लवकर वाळतो. डोळे किलकिले करून पाहा : नाकाखालची सावली गडद की हनुवटीखालची? हे ठरल्याशिवाय दुसरी ट्यूब उघडू नका. मग टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड, आयव्हरी ब्लॅक, बस्स. सावलीत पांढरा मिसळलात की ती खडूसारखी, निर्जीव दिसणारच. वरच्या थरांत जवसाचं तेल थोडं वाढवत न्या. उलट केलंत तर पुढे भेगा पडतात.

मोबाइलच्या फोटोवरून रंगवू नका, आजोबांना उत्तरेच्या खिडकीशी बसवा. चित्रं पाहतानाही तसंच : कलबुर्गीचे चित्रकार एस. एम. पंडित (१९१६–१९९३) घरोघरी पोचले ते कॅलेंडरांतून. पण छपाईत रंगाचे थर कळत नाहीत, त्यांची मूळ चित्रं मिळतील तिथे जवळून पाहा. शिकायचंच असेल तर कलबुर्गीच्या आयडियल फाइन आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी करा. आणि वॉर्निशची घाई नको. किमान सहा महिने थांबा.