भिंत ओळखा, मग ड्रिल निवडा

पनवेलजवळच्या रोडपालीतील इमारती पाहा. खांब व तुळया काँक्रीटच्या, तर मधल्या भिंती बहुधा विटांच्या असतात. विटेला साधे विजेचे ड्रिल पुरते. काँक्रीटमधील खडी मात्र नुसत्या फिरण्याने कापली जात नाही. ती ठोक्यांनी फोडावी लागते. म्हणून घरासाठी फिरता फिरता ठोके देणारे 'हॅमर ड्रिल' आणि टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे बिट घ्यावे.

६०० वॅटला २३० व्होल्टने भागा. सुमारे २.६ अँपिअर येतात. ६ अँपिअरच्या सॉकेटला ते झेपतात. ड्रिलवरील चौकोनात चौकोन ही दुहेरी विद्युतरोधनाची खूण. पण भिंतीत दडलेल्या तारेपासून ती आपल्याला वाचवीलच असे नाही. म्हणून स्विचबोर्डाच्या सरळ वर वा खाली भोक पाडू नका, आणि घरातील जाणत्या माणसावाचून ड्रिल हाती घेऊ नका.