वंशावळीतील बथशेबा

शास्त्रपाठ : २ शमुवेल ११:२-४, २३:३४, ३९, १ इतिहास ३:५, मत्तय १:६, लूक ३:३१



वंशावळीचा अध्याय आला की आपण भराभर पाने उलटतो. आज तसे न करता, नावांच्या याद्यांतूनच एका स्त्रीचे जीवन शोधू या. ती स्त्री म्हणजे बथशेबा. वरील वचने उघडून समोर ठेवावीत.

१. तिचे माहेर : दावीदाने चौकशी केली तेव्हा, ती अलीयामाची कन्या व उरीया हित्ती याची पत्नी आहे, असे त्याला कळले. दावीदाच्या निवडक वीरांच्या यादीत उरीयाचे नाव आहे. तसेच अहीथोफेल गिलोनी याचा पुत्र अलीयाम याचेही आहे. हा अलीयाम बथशेबेचाच पिता होय, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तसे असल्यास राजाने जिला आणविले ती त्याच्याच एका वीराची लेक, दुसऱ्याची पत्नी आणि त्याच्या मंत्र्याची नात होती. हाच अहीथोफेल पुढे अबशालोमास मिळाला (२ शमुवेल १५:१२). त्याचे कारण शास्त्र सांगत नाही. परंतु ही यादी वाचल्यावर नातीच्या दुःखाची आठवण होतेच.

इतिहासात तिच्या पित्याचे नाव अम्मीएल असे आहे. त्याने गोंधळू नये. इब्री भाषेत ‘एल’ म्हणजे देव व ‘अम’ म्हणजे लोक. त्याच दोन शब्दांचा क्रम बदलून ही दोन नावे झाली आहेत.

२. तिची संतती : तिचे पहिले बाळ दगावले. पुढे तिला शिमा, शोबाब, नाथान व शलमोन हे पुत्र झाले. मत्तय प्रभूची वंशावळ शलमोनाकडून देतो, लूक नाथानाकडून. म्हणजे दोन्ही वाटा या एकाच मातेपाशी येतात.

३. तिचा उल्लेख : मत्तयाच्या मूळ ग्रीक वाक्यात तिचे नाव नाही, ‘पत्नी’ हा शब्दही नाही, केवळ ‘उरीयाची जी, तिच्यापासून’ एवढेच आहे. ‘पत्नी’ हा शब्द आम्हां भाषांतरकारांना घालावा लागतो. हा तिचा अपमान आहे काय? मला तसे वाटत नाही. राजाने ज्याला मारविले त्याचे नाव सुवार्तिकाने पुसू दिले नाही. नाथान संदेष्ट्यानेही दोष दावीदालाच दिला. त्याच्या दृष्टांतातील मेंढी चोरली गेली होती. तिने चोरी केली नव्हती. तरीही आपल्या उपदेशांत बथशेबेलाच मोहिनी ठरविले जाते, हे थांबले पाहिजे.

आपल्या मंडळ्यांच्या बाप्तिस्मा व विवाहाच्या जुन्या नोंदवह्यांतही कित्येक स्त्रिया केवळ ‘अमक्याची पत्नी’ म्हणून राहिल्या आहेत. त्या ओळीमागे एक माहेर, एक दुःख व एक विश्वास असतो. देवाला ती ओळ पूर्ण ठाऊक आहे.

मननासाठी :
१) आपल्या पणजीचे माहेरचे नाव आपणांस ठाऊक आहे काय?
२) अन्याय सोसलेल्या कोणा स्त्रीला आपण दोषी ठरविले आहे काय?