खाऱ्या पाण्याची दिनचर्या

घरी समुद्राच्या पाण्याची टाकी बाळगणाऱ्या माणसाला जी अनेक मापे नोंदवून ठेवावी लागतात, त्यांत सामूइतके, म्हणजे हौशी मंडळी ज्याला सर्रास पीएच म्हणतात त्याच्याइतके, मनःस्वास्थ्य हिरावून घेणारे दुसरे माप नाही. कारण खारटपणा सहसा जागचा हलत नाही, कॅल्शियम सावकाश उतरते, पण सामू सकाळी एक आणि सायंकाळी दुसराच असतो, आणि ज्याने तो एकदाच, तोही भलत्या वेळी मोजला, त्याच्या हाती अर्धेच सत्य लागते. त्या अर्ध्या सत्यावर विसंबून केलेल्या इलाजाने एक चांगली नांदती टाकी कशी नासली, हे मी जवळून पाहिले आहे, आणि ज्यांनी ही हौस नुकतीच अंगीकारली आहे त्यांच्यासाठी ते सविस्तर सांगावेसे वाटते.

खुल्या समुद्राचा सामू 8.1 च्या आसपास असतो. टाकीवरचे दिवे लागले की खडकांवरचे शैवाल प्रकाशाच्या बळावर पाण्यातला कर्बाम्लवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, शोषून घेऊ लागते. हा वायू पाण्यात विरघळून कर्बाम्ल बनवीत असल्यामुळे तो जसजसा कमी होतो तसतसा सामू चढतो. दिवे मालवले की हे शोषण थांबते, श्वसन मात्र मासे, कोळंबी, जीवाणू आणि ते शैवालसुद्धा रात्रभर चालूच ठेवतात. त्यामुळे सामूचा नीचांक दिवे लागण्याच्या जरा आधी आणि उच्चांक ते मालवण्याच्या सुमारास गाठला जातो. माझ्या मुंबईतल्या टाकीत सकाळी 7.9 आणि सायंकाळी 8.2 हा वर्षाचा बहुतेक काळ शिरस्ताच आहे. 0.3 चा फरक दिसायला क्षुल्लक वाटला, तरी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी 1909 साली ही श्रेणी मांडली ती घातांकांच्या हिशेबाने, आणि त्या हिशेबात सामू 0.3 ने उतरणे म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण दुप्पट होणे. तरीही हा चढउतार रोग नव्हे. ओहोटीला कातळावरच्या डबक्यांत अडकून राहणाऱ्या पाण्याचा सामू दिवसरात्रीत एका अंकाहूनही अधिक हलू शकतो, आणि त्यातले जीव पिढ्यान्‌पिढ्या त्यातच वाढतात. रोजचा हा फेरा 7.8 ते 8.4 यांच्या दरम्यान राहिला, तर त्याला हात लावण्याचे कारण नाही.

आमच्याच इमारतीत एका निवृत्त गृहस्थांची टाकी होती: क्लाउनफिशची जोडी, दोन क्लीनर श्रिंप आणि गुलाबी-जांभळ्या शैवालाचा लेप चढलेले सुरेख खडक. (प्रवाळ आम्ही दोघांनीही कधी ठेवले नाही, खडक रचणाऱ्या प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते असावे असेच माझे मत आहे.) गणपतीचे दिवस होते, बाहेर संततधार असल्यामुळे खिडक्या बंद, गावाहून आलेली मंडळी रात्री दिवाणखान्यातच निजलेली, आणि स्वयंपाकघरात दोन्ही शेगड्या सकाळपासून पेटलेल्या. अशा घटकेस, दिवे लागण्यापूर्वी, त्यांनी सामू मोजला तो 7.7 भरला. ज्या दुकानातून ते सामान घेत तेथे विचारणा केली, तेव्हा सामू चढवणारी पूड सकाळ-संध्याकाळ घालण्याचा सल्ला मिळाला. पूड घातली की सामू तासाभर चढे आणि पहाटेपर्यंत पुन्हा उतरे. मग मात्रा वाढे. आठवडा संपण्याच्या आत त्यांनी मला बोलावले तेव्हा टाकीतले पाणी ताकाच्या निवळीसारखे गढूळ झाले होते, हीटरवर पांढरे खरखरीत कवच चढले होते, पंप अडखळत होता, आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, डीकेएच या मापाने 8 वरून 14 वर गेली होती. कॅल्शियमचा आकडा मात्र घसरला होता. कारण पाण्याच्या धारणशक्तीपलीकडे गेलेले कार्बोनेट कॅल्शियमला घेऊन चुनखडीच्या रूपाने खाली बसत होते. दोन्ही श्रिंप त्यात गेले. मासे वाचले.

पूड बनावट नव्हती, सुरुवातीची मात्राही डब्यावर लिहिल्याप्रमाणेच होती. पण अल्कलिनिटी तीच राहिली, तर पाण्याचा सामू त्यात विरघळलेल्या कर्बाम्लवायूवर ठरतो, आणि तो वायू घरातल्या हवेशी अखंड देवाणघेवाण करीत असतो. बाहेरच्या हवेत तो दशलक्ष भागांत सुमारे 420 भाग असतो. माणसांनी भरलेल्या बंद खोलीत 1000 च्या वर सहज जातो. हवा तशीच ठेवून निव्वळ पुडीच्या जोरावर सामू कायमचा 0.3 ने चढवायचा, तर अल्कलिनिटी जवळजवळ दुप्पट करावी लागेल, आणि तेवढी अल्कलिनिटी पाणी पेलू शकत नाही. उलट हवेतला कर्बाम्लवायू निम्म्यावर आणला तर तेवढाच लाभ एक चिमूटही न घालता होतो. ही गोष्ट ज्याच्या मनात ठसली, त्याच्या टाकीवरचे निम्मे संकट टळले असे मी समजतो.

म्हणून सामू उतरलेला दिसला की डब्याकडे हात नेण्यापूर्वी रुजवात करावी. उपकरणाची काचेची कांडी 7 आणि 10 या प्रमाणद्रावणांत तपासून घ्यावी. जुनी कांडी बेमालूम खोटा आकडा दाखवते. मग दिवे लागण्यापूर्वी आणि मालवण्यापूर्वी अशा दोन नोंदी, काही दिवस त्याच घटकेला, ठेवाव्या, आणि सोबत अल्कलिनिटी मोजावी. ती 7 ते 11 च्या दरम्यान असून सामू तेवढा खाली असेल, तर पेलाभर पाणी गॅलरीत नेऊन छोट्या एअर पंपाने त्यात तासभर बुडबुडे सोडावे व पुन्हा मोजावे. सामू चढला तर दोष टाकीत नसून खोलीतल्या हवेत आहे, याची खातरजमा झाली. खिडकी उघडी ठेवण्याची सोय असेल, तर याहून सोपा इलाज नाही. वातानुकूलित खोलीत स्किमरची, म्हणजे पाण्यात बुडबुडे घुसळून घाण फेसावाटे काढणाऱ्या यंत्राची, हवा ओढणारी नळी खिडकीबाहेर काढावी. ज्यांना मुख्य टाकीखाली जोडलेल्या दुसऱ्या टाकीत जागा आहे त्यांनी तेथे चीटो नावाचे शैवाल वाढवून त्यावरचा दिवा रात्री लावावा, म्हणजे वरच्या टाकीत अंधार असताना खाली शोषण चालू राहते आणि पहाटेचा नीचांक तितका खोल जात नाही.

चुन्याच्या निवळीचा उपयोगही जुना व भरवशाचा आहे. ती कर्बाम्लवायू गिळते आणि कॅल्शियमही पुरवते. पण संपृक्त निवळीचा सामू 12 च्या वर असतो, म्हणून ती आटलेल्या पाण्याच्या भरपाईपुरतीच, रात्री, थेंबाथेंबाने सोडावी, आणि खाण्याचा चुना न वापरता शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच आणावे. आपल्या किनाऱ्यावर येथे एक अडचण आहे, जिचा उल्लेख परदेशी पुस्तकांत सहसा आढळत नाही: पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळे पाणी फारसे आटत नाही, आणि भरपाईच कमी झाल्याने निवळीही कमी जाते, म्हणजे खिडक्या बंद असण्याच्या नेमक्या मोसमात हा आधार लंगडा पडतो. त्या महिन्यांत बाहेरच्या हवेवरच भिस्त ठेवावी.

ज्यांच्याकडे पूड घालून झाली आहे व पाणी गढुळले आहे, त्यांनी ते निस्तरण्यासाठी दुसरे काहीही घालू नये. पूड थांबवावी, अल्कलिनिटी आपोआप उतरू द्यावी, नव्याने कालवलेल्या खाऱ्या पाण्याने थोडे थोडे पाणी बदलावे, आणि पंप व हीटर, वीज बंद करून, बाहेर काढून व्हिनेगरमध्ये भिजत ठेवावे. कवच सुटून येते. सामू झपाट्याने चढवणे तर सर्वथा वर्ज्य मानावे, कारण पाण्यात अमोनिया असेल तर सामू चढताच त्याचा विषारी अंश वाढतो, आणि उपचार म्हणून केलेली कृती माशांच्या जिवावर बेतते.

शेजारच्या त्या टाकीत स्किमरची नळी खिडकीबाहेर काढल्यावर पहाटेचा सामू 7.9 वर स्थिरावला, आणि नवे श्रिंप आले. नळी बाहेर नेणाऱ्यांनी मात्र एक बंदोबस्त अवश्य ठेवावा: पावसाळ्यात डासांसाठी धूरफवारणी होते, तिच्यातली कीटकनाशके श्रिंपसारख्या कवचधारी जिवांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरू शकतात, म्हणून फवारणीची गाडी आवारात येताच ती नळी आत ओढून घ्यावी, आणि धुराचा वास पुरता निवल्याखेरीज बाहेर काढू नये.