रिपोर्ट लिहून दे

कुळगाव, बदलापूर (पूर्व)

चि. चिमूस,

सोमवारी तुझी मामी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेली होती. तिथं तुझ्या रूममेटची आई भेटली. मुलींच्या गमती सांगता सांगता म्हणाली, परवा धावपट्टीभोवतीच्या सर्किटमध्ये चिमूच्या विमानाच्या डोक्यावरून दुसरं विमान गेलं, आणि रात्री मुलींनी हॉस्टेलवर पार्टी केली. मामी घरी आली ती जिन्यातच बसली. ताईला अजून सांगितलेलं नाही. भाऊजी गेल्यापासून तिची झोप कशी आहे, तुला ठाऊकच आहे.

मला एकच सांग, तू रिपोर्ट लिहून दिलास का?

काही झालं तर नाही ना, असं म्हणशील. 8 जुलै 2025 ला कॅनडात, स्टाइनबाखजवळ, एकाच फ्लाइंग स्कूलची दोन विमानं उतरण्याच्या बेतात असताना एकमेकांवर आदळली. दोन्ही विद्यार्थी गेले. त्यांतला एक मुलगा आपल्या केरळचा. रेडिओ दोन्ही विमानांत होते, तरी एकाला दुसरा दिसला नाही. ती बातमी वाचून मी तुला फोन केला होता, तेव्हा "मामा, मी जपते" म्हणाली होतीस.

मोठ्या विमानांत धोक्याचा इशारा देणारं यंत्र असतं. 1996 मध्ये चरखी दादरीवर दोन विमानं धडकून 349 माणसं गेली, त्यानंतर ते आपल्याकडे सक्तीचं झालं. फेब्रुवारी 2018 मध्ये मुंबईच्या हवाई हद्दीत एअर इंडिया आणि विस्ताराच्या विमानांच्या उंचीत जेमतेम 100 फुटांचा फरक उरला होता. कॅप्टन अनुपमा कोहलींनी यंत्राचा इशारा तत्काळ पाळला, म्हणून शेकडो माणसं घरी पोचली. तुझ्या सेसनात ते यंत्र नाही, हे तूच सांगितलंस. दिवाळीत गच्चीवर हेही समजावलंस, की जे विमान आपल्यावर आदळणार असतं ते काचेत सरकत नाही, एकाच जागी ठिपक्यासारखं राहतं आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठं होतं. वळताना पंखच ती बाजू झाकतो, म्हणून आधी पंख उचलून बघायचं. इतकं कळणारी मुलगी असल्या प्रसंगावर पार्टी करते, याचा मला संताप आला.

रिपोर्ट कुणाला पकडून देण्यासाठी नसतो गं. दोघांचे रेडिओ कॉल एकमेकांवर चढले का, उतरताना बेसच्या टप्प्यावर कोण आधी वळलं, हे कागदावर आलं तर उद्या पहिल्या सोलोला जाणारं पोर वाचेल. इन्स्ट्रक्टर रागावतील, तास वाया जातील, म्हणून गप्प बसलीस का?

गप्प बसणं मला माहीत आहे. उल्हासनगरच्या कॉलेजात असताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरची माहिती मी मिळवली होती. तेव्हाच तुझ्या आजोबांच्या कंपनीला टाळं लागलं. अण्णांपुढे विषय काढायचा धीर झाला नाही, आणि मग वयही गेलं. अण्णा नाही म्हणाले असते की कुठून तरी पैसे उभे केले असते, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तुझ्या फीसाठी ताईनं बांगड्या काढल्या तेव्हा मी एक शब्द बोललो नाही, त्याचं कारण हेच. तू उडावंस असं ताईइतकंच मलाही वाटत होतं.

फार बोललो. मामी म्हणते, पोर स्वतःच घाबरली असेल, पार्टी त्यासाठीच केली असेल. मला हे सुचलंच नाही. हात कापले का गं तुझे? त्या रात्री जेवलीस का?

रिपोर्ट अजून दिला नसशील तर आता दे. मसुदा मला वाचून दाखव हवा तर. ताईला कधी सांगायचं ते तू ठरव, मी शेजारी बसेन. आणि चार दिवस विमानात बसूच नये असं वाटलं तर सरळ इकडे ये. इथं कुणी काही विचारणार नाही. जांभळं यायला लागली आहेत, मामी तुझ्या वाटची रोज वेगळी काढते. गाडीत बसलीस की फोन कर. कितीही उशीर होवो, मी स्टेशनवर येतो.

तुझा
मामा