इंग्रजी एकदाच सांगते : उभयान्वयी अव्यय, क्रियाविशेषण व क्रियापद यांचा पाठ

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत सन २००० पासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जातो. त्यामुळे सहावी-सातवीत पोहोचलेल्या मुलाचा शब्दसंग्रह बरा असतो. 'इट वॉज रेनिंग' आणि 'ही केम टु स्कूल' ही दोन वाक्ये तो स्वतंत्रपणे बिनचूक लिहितो. तीच दोन वाक्ये जोडण्याची वेळ आली की मात्र तो अडखळतो. सबब या लेखात अशा जोडवाक्यांचाच विचार केला आहे.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रचलेले होते. उभयान्वयी अव्यय, क्रियाविशेषण, क्रियापद ही नावे दोन्ही भाषांच्या पाठात सारखीच वापरली जातात. नावे एक असल्यामुळे त्यांची कामेही एकाच रीतीने चालत असावीत असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः दोन्ही भाषांत एक महत्त्वाचा भेद आहे. मराठी वाक्यात पुष्कळदा एकच गोष्ट दोन ठिकाणी सांगितली जाते. इंग्रजी वाक्यात ती बहुधा एकदाच सांगितली जाते. पुढील चार प्रकारच्या चुका या एकाच भेदातून उद्भवतात.

(१) जरी–तरी. 'जरी पाऊस पडत होता तरी तो शाळेत आला' या वाक्यात विरोध दाखविणारे शब्द दोन आहेत. म्हणून मुलगा लिहितो, 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम टु स्कूल.' इंग्रजीत 'ऑल्दो' आणि 'बट' ही दोन्ही उभयान्वयी अव्यये असून त्यांपैकी एकच ठेवावयाचे असते. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, ही केम टु स्कूल' हे वाक्य शुद्ध. 'इट वॉज रेनिंग, बट ही केम टु स्कूल' हेही शुद्ध. येथे शिक्षकांनी एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, ही स्टिल केम टु स्कूल' हे वाक्य अशुद्ध नाही. 'स्टिल' हे क्रियाविशेषण आहे. ते वाक्ये जोडीत नाही, केवळ क्रियापदावर जोर देते. म्हणून ते खोडू नये.

(२) तोपर्यंत–नाही. 'पाऊस थांबत नाही तोपर्यंत आपण येथे थांबू' या वाक्यावरून मुलगा 'अंटिल द रेन डज नॉट स्टॉप' असे लिहितो. 'अंटिल' या शब्दातच मर्यादेचा अर्थ पूर्ण असल्याने पुढे नकार नको : 'वी विल वेट हिअर अंटिल द रेन स्टॉप्स.' ज्यांच्या घरी उर्दू बोलली जाते अशी मुलेही हीच चूक करतात, कारण 'जब तक बारिश नहीं रुकती' यातही नकार आहेच.

(३) भविष्यकाळ. 'मी मोठा होईन तेव्हा शिक्षक होईन' यात भविष्यकाळाची क्रियापदे दोन आहेत. इंग्रजीत भविष्यकाळ मुख्य वाक्यात एकदा आला की 'व्हेन', 'इफ', 'अंटिल' यांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यात साधा वर्तमानकाळ पुरतो : 'व्हेन आय ग्रो अप, आय विल बी अ टीचर.' 'उद्या पाऊस पडला तर आम्ही शेतात जाणार नाही' याचे रूपही 'इफ इट रेन्स टुमॉरो, वी विल नॉट गो टु द फील्ड' असेच होते. मराठीतील 'पडला' हे भूतकाळी रूप पाहून 'रेन्ड' लिहिण्याचा मोह मुलांना होतो, तो वेळीच आवरावा.

(४) कधीच–नाही. 'तिने समुद्र कधीच पाहिलेला नाही' यात नकार 'नाही' या शब्दात आहे. इंग्रजी 'नेव्हर' हे क्रियाविशेषण मात्र स्वतःच नकारार्थी आहे. म्हणून 'शी हॅज नेव्हर सीन द सी' एवढेच लिहावे. 'नॉट' घालू नये. याच पाठात 'ऑलवेज', 'ऑफन', 'नेव्हर' यांची जागाही शिकवावी. ही क्रियाविशेषणे मुख्य क्रियापदापूर्वी येतात : 'ही ऑलवेज कम्स ऑन टाइम.' परंतु 'इज', 'आर', 'वॉज' ही एकटीच क्रियापदे असतील तर त्यांच्यानंतर येतात : 'ही इज ऑलवेज ऑन टाइम.' सहायक क्रियापद असल्यास, 'हॅज नेव्हर सीन' याप्रमाणे, पहिल्या सहायक क्रियापदानंतर येतात.

आता उपायाचा विचार करू. नियम पाठ करून घेतल्याने हे दोष जात नाहीत, कारण मूल आधी मराठीतच विचार करते. सुदैवाने एकदाच सांगण्याची सोय मराठीतही आहे. 'जरी पाऊस पडत होता तरी' याऐवजी 'पाऊस पडत असूनही' म्हणता येते. 'थांबत नाही तोपर्यंत' याऐवजी 'थांबेपर्यंत'. 'मोठा होईन तेव्हा' याऐवजी 'मोठा झाल्यावर'. या रूपांत दुसरा जोडशब्द, नकार किंवा दुसरा भविष्यकाळ उरत नाही. म्हणून भाषांतरापूर्वी मराठी वाक्यच या रूपात बदलून घ्यावे. इंग्रजी रूप मग जवळ येते. 'कधीच–नाही' याला मात्र मराठीत असा पर्याय नाही. तेथे तोंडी सराव हाच मार्ग होय.

पाठाचा क्रम असा ठेवावा : फळ्यावर मराठी वाक्य लिहावे, दोनदा सांगितलेल्या शब्दांखाली मुलांकडून रेघ मारवून घ्यावी, वाक्याचे एकेरी रूप त्यांच्याकडून वदवून घ्यावे, नंतरच इंग्रजी वाक्य आधी तोंडी व मग लेखी घ्यावे. एका तासाला एकच प्रकार पुरे. वाक्ये गावच्या व्यवहारातील असावीत : कापसाची वेचणी, पैठणची एस. टी., आठवड्याचा बाजार. 'आयदर–ऑर', 'बोथ–अँड' अशा जोड्या इंग्रजीतही आहेत. त्या वेगळ्या दिवशी शिकवाव्यात, म्हणजे गोंधळ होणार नाही.

हा प्रश्न केवळ गुणांचा नव्हे. कापूस पिकविणाऱ्या घरात औषधाच्या डब्यावरील इंग्रजी मजकूर वाचण्याचे काम पुष्कळदा शिकत्या मुलावर येते. 'डू नॉट एंटर द फील्ड अंटिल द स्प्रे ड्राइज' या अर्थाच्या सूचनेत 'अंटिल'पुढे नकार नाही. 'अंटिल'मध्येच मर्यादा आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो मुलगा फवारा वाळण्यापूर्वी शेतात जावे की वाळल्यानंतर, याविषयी घोटाळ्यात पडू शकतो.

दुसरी गोष्ट मुलाच्या मनाची आहे. 'अंटिल द रेन डज नॉट स्टॉप' लिहिणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो. आपल्या भाषेचा नियम त्याने प्रामाणिकपणे पाळलेला असतो. त्या वाक्यावर नुसती तांबडी रेघ ओढली तर पुढच्या वेळी तो जोडवाक्य लिहिण्याचेच टाळतो आणि तुटक वाक्यांवर भागवितो. 'मराठीत हे दोनदा सांगतात, इंग्रजीत एकदाच' असे शिक्षकांनी सांगितले, तर आपली चूक कोठून आली हे त्याला कळते आणि पुढचे वाक्य तो स्वतःच तपासू लागतो. वही तपासताना चुकीच्या शेजारी 'एकदाच' एवढा एक शब्द लिहिला तरी पुष्कळ काम होईल.